कर्ज सेटल करून देणारी कंपनी: मित्राने घेतलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू, पाचपैकी दीड स्टार

आधीच सांगतो, ही सर्व्हिस मी घेतलेली नाही, आमच्या मित्राने घेतली होती. त्याला इथे बाळ्या म्हणू. त्याला विचारूनच लिहितोय, उलट तोच म्हणाला लिही बाबा, अजून कोणीतरी रात्री दोन वाजता रील बघून पैसे भरत असेल. कंपनीचं नाव टाकत नाही. एकतर अशा भरपूर कंपन्या आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा साचा तोच, आणि दुसरं म्हणजे मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये. ही लोकं नेमकं काय विकतात आणि त्यातलं किती काम मित्रमंडळी बसून फुकटात करू शकतात एवढंच सांगायचंय.

सर्व्हिस अशी आहे. तुमच्यावर क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, अॅपवरचं लोन असं बिनतारणाचं कर्ज झालंय आणि हप्ते झेपत नाहीयेत. कंपनी म्हणते आमच्याकडे या, हप्ते भरणं बंद करा, तेच पैसे बाजूला साठवा, वसुलीवाल्यांचे फोन आमच्याकडे वळवा, आमचे वकील बँकेशी बोलतील आणि काही महिन्यांनी निम्म्या रकमेत मिटवून देतील. फी दोन प्रकारची, दर महिन्याला सबस्क्रिप्शन आणि मिटलं की टक्केवारी, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. ज्याला दिवसाला वीस फोन येतायत त्याला हे ऐकून देव भेटल्यासारखं होतं यात काही नवल नाही.

आता बाळ्या तिथपर्यंत पोचला कसा हे थोडक्यात सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाकणला एका व्हेंडर कंपनीत सुपरवायझर आहे, पगार वेळेवर, व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. नाईट शिफ्टला मोबाईलवर रमी सुरू झाली. आधी शंभर दोनशे, मग जिंकला, मग काय. कार्डवरून पैसे काढून खेळायला लागला, आणि कार्डवर एटीएममधून कॅश काढली की व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं, खरेदीसारखी महिना दीड महिन्याची सूट नसते, हे त्याला माहीतच नव्हतं. महिन्याला साडेतीन पावणेचार टक्के म्हणजे वर्षाला ४०-४५ टक्के. पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरला की मेसेज यायचे बंद व्हायचे म्हणून त्याला वाटायचं सगळं कंट्रोलमध्ये आहे. मग कार्ड फेडायला पर्सनल लोन, पर्सनल लोनचा हप्ता भरायला अॅप लोन, आणि शेवटी घराच्या रिपेअरिंगला पाहिजे सांगून पतसंस्थेचं कर्ज. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. एक त्याच्या कंपनीतला आणि दुसरा आमच्या ग्रुपमधला अण्णा. अण्णाने फॉर्म न वाचता सही केली. मित्राचा फॉर्म कोण वाचतं हो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आणली, मोठमोठ्या अॅप्सनी पैशाचे खेळ बंद केले. बाळ्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, रमीचं थोडंफार माहीत होतं, त्यांना वाटलं सुटले एकदाचे. खेळ बंद झाला पण कर्ज कुठे जातंय, ते होतं तिथेच, रोज वाढत.

अशा वेळी माणूस मित्रांकडे येईल असं आपल्याला वाटतं. तो नाही आला. तो इन्स्टावरच्या जाहिरातीकडे गेला आणि त्याच रात्री साइन अप फी भरून मोकळा झाला. मी नंतर त्याला विचारलं की अरे आम्ही काय मेलो होतो का, तर त्याने जे सांगितलं ते या रिव्ह्यूतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. म्हणाला, तिथे कोणी विचारलंच नाही कशामुळे झालं.

खरंय ते. त्यांच्या फॉर्ममध्ये किती कर्ज, कोणाचं, किती दिवस थकलंय, पगार किती, एवढंच. फोनवरची मुलगी अगदी गोड बोलायची, सर टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे तुमच्यापेक्षा मोठे केस आहेत. लाज वाटू न देणं ही यांची खरी सर्व्हिस आहे, आणि ती त्यांनी नीट दिली, अर्धा स्टार त्याचाच. आमच्याकडे आला असता तर काय झालं असतं? आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे ज्याला कोणाचंही काही बिघडलं की मी तेव्हाच सांगितलं होतं हे वाक्य तोंडपाठ आहे (त्याने कधीच काही सांगितलेलं नसतं). दुसरा पक्या, मनाचा राजा, लगेच पन्नास हजार जीपे करून मोकळा होणारा. तिसरा वहिनींना फोन लावणारा. बाळ्या या सगळ्यांना शाळेपासून ओळखतो, त्याने हिशोब केला आणि अनोळखी माणसाला महिन्याचे पैसे देणं त्याला स्वस्त वाटलं.

आणि गंमत अशी की कशामुळे झालं हे न विचारणं हीच या सर्व्हिसची सगळ्यात मोठी चूक आहे. म्हणजे बघा, ज्या माणसाचा हात जुगाराकडे जातो त्याला तुम्ही सांगताय की हप्ते भरू नको, तेवढे पैसे खात्यात साठव. दर महिन्याला. खात्यात. त्याच्याच. अॅपमध्ये एक हिरवी पट्टी दाखवतात, तुमचा सेटलमेंट फंड इतका भरला. ती पट्टी आपण आकडा टाकू तसा भरते, खात्यात खरंच पैसे आहेत का हे कोणी तपासत नाही. बाळ्याची पट्टी निम्म्यापर्यंत हिरवी होती आणि खातं रिकामं. बंदीनंतर कोणीतरी टेलिग्रामवर बाहेरच्या देशातल्या साईटची लिंक दिली होती, सगळं तिकडे गेलं. हे आम्हाला खूप नंतर कळलं, त्यावर येतो.

आता अॅग्रीमेंटबद्दल. फोनवर सांगितलं सगळे हप्ते थांबवा, आणि अॅग्रीमेंटच्या पीडीएफमध्ये लिहिलंय फक्त बँका आणि एनबीएफसीची (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांची) बिनतारणाची कर्जं आमच्याकडे, बाकी नाही. बाळ्याने सगळे म्हणजे सगळे थांबवले, पतसंस्थेचाही. झालं, थोड्या महिन्यांनी अण्णाच्या घरी पतसंस्थेची नोटीस. पतसंस्थेचं प्रकरण वेगळं असतं हे शहरातल्या या कंपन्यांना एकतर माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं. बँकेच्या पर्सनल लोनला मागे सहसा कोणी जामीनदार नसतो, पतसंस्थेला असतो, आणि कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आधी त्याच्याकडून घ्या मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधक कार्यालयातून वसुलीचा दाखला निघाला की कोर्टाची पायरी न चढता वसुली अधिकारी दारात. आमच्याकडे एकशेएकचा दाखला म्हटलं की म्हातारी माणसंही गप्प होतात. अण्णाच्या बायकोने ती नोटीस वाचली तेव्हा घरात काय झालं असेल ते लिहित नाही.

असंच दुसरं अर्धसत्य म्हणजे सर हा सिव्हिल मॅटर आहे, काही होत नाही. कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत हे बरोबर आहे, वसुलीवाले अटकेची भीती घालतात ती बहुतेक वेळा पोकळ असते. पण दिलेला चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५, दोन्हीकडे फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्ते थांबवायला सांगताना हे सांगायला नको का? वर प्रत्येक बाउन्सला बँक दंड लावणार, समोरची फायनान्स कंपनीही लावणार. हा खर्च त्यांच्या निम्म्यात मिटवू वाल्या गणितात कुठेच नाही.

आणि सिबिल. सेटल झालेलं कर्ज रिपोर्टमध्ये क्लोज्ड म्हणून येत नाही, सेटल्ड म्हणून येतं, आणि ते सात वर्षांपर्यंत दिसतं. पुढे मुलाच्या शिक्षणाला, घराला कर्ज मागायला गेलं की तो शब्द मॅनेजरच्या स्क्रीनवर असतो. शिवाय आरबीआयच्या जून २०२३ च्या नियमाप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान बारा महिने नवीन कर्ज देऊ शकत नाही. आता बाळ्याला नवीन कर्ज मिळालं नाही तर आम्ही पेढे वाटू, पण सगळ्यांचं तसं नसतं. कंपनीच्या जाहिरातीत मात्र सिबिल सुधारून देऊ असंही एक पॅकेज आहे, म्हणजे आधी स्वतः खाली आणायचं आणि मग वर न्यायचे वेगळे पैसे.

जे चांगलं आहे तेही सांगतो, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. फोन कमी झाले. कॉल वळवायचा नंबर देतात, त्यांच्याकडची माणसं वसुलीवाल्यांशी बोलतात, आणि बाळ्या बऱ्याच दिवसांनी झोपला. ही छोटी गोष्ट नाहीये, झोप झालेला माणूस निदान कागद वाचू शकतो. एका कार्डचं सेटलमेंट त्यांनी खरंच करून दिलं, लेटर बँकेच्या लेटरहेडवर आलं, पैसे थेट कार्डच्या खात्यात भरले, सगळं रीतसर. फक्त टक्केवारी लावताना किती वाचले त्यावर न लावता पूर्ण थकबाकीवर लावली, जी दंड आणि व्याज धरून फुगलेली होती. अॅग्रीमेंटमध्ये तसंच लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, पान सातवर. म्हणजे फसवणूक म्हणता येत नाही. कर्ज जितकं फुगेल तितकी यांची फी जास्त, मग घाई कशाला करतील. वकील म्हणून जो बोलायचा तो दर वेळी वेगळा असायचा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं, नोटिशीला उत्तर हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे.

आता आमची बाजू. अण्णाला नोटीस आली आणि सगळं बाहेर आलं. ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. एकाने ग्रुप सोडला. पक्याने कोणाला न सांगता पैसे पाठवले, आणि ते कुठे गेले हे तुम्हाला आता कळलं असेलच. पक्या बिचारा आजही म्हणतो मी मदत केली होती. केली होतीस रे बाबा, पण ती साईट चालवणाऱ्याला. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे आणि ते बऱ्याच लोकांना कोरडं वाटतं: अशा मित्राच्या हातात रोख द्यायची नाही, नवीन जामिनावर सही करायची नाही, पण त्याच्याबरोबर बँकेत जायचं, लायनीत उभं राहायचं, फोन वाजला की शेजारी बसायचं. रजा टाकून. पैसे पाठवायला दोन मिनिटं लागतात आणि नंतर आपण मोकळे होतो, म्हणूनच ते जास्त लोक करतात.

सगळ्यात अवघड माणूस होता अण्णा. त्याचा राग रास्त होता, त्याच्या घरात नोटीस आली होती, आणि तरी सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं. पण त्याने मैत्री वगैरेचं काही भाषण दिलं नाही. पहिल्या रविवारी बाळ्यासमोर वही टाकली आणि म्हणाला, का केलंस ते नंतर सांग किंवा नको सांगू, आधी कोणाचे किती ते लिही, आणि माझ्यापासून सुरुवात कर. दोन तास बाळ्या लिहित होता. तीन नावं त्याने शेवटी शेवटी लिहिली, त्यातलं एक सासऱ्यांचं. का केलंस हे त्याने अण्णाला स्वतःहून सांगितलं, पण पाचसहा आठवड्यांनी, गाडीवर मागे बसलेला असताना.

मी एका वर्कशॉपमध्ये अकाउंट बघतो, त्यामुळे कागदाचं काम माझ्याकडे आलं. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो, कंपनी ज्याचे पैसे घेते त्यातलं बरंचसं हे आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडे वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढला की माणूस जे कर्ज विसरलाय किंवा लपवतोय तेही दिसतं. बाळ्याच्या रिपोर्टमध्ये एक अॅप लोन दोनदा लागलेलं निघालं. त्याची तक्रार टाकली. चुकीची माहिती ३० दिवसांत दुरुस्त केली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते असा आरबीआयचा नियम आहे. अॅप लोनवाल्यांचं आधी बघायचं की मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी आहे, आरबीआयच्या साईटवर आता बँका आणि एनबीएफसींनी कळवलेल्या अॅप्सची यादी आहे. ज्या अॅपच्या मागे कोणीच नाही आणि जे कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या लोकांना घाणेरडे फोटो पाठवायची धमकी देतं, ते कर्जाचं प्रकरण नाहीच, त्याला सायबरचा १९३० नंबर.

वसुलीच्या फोनचेही नीट नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, आणि ऑगस्ट २०२२ च्या आरबीआयच्या सर्क्युलरमध्ये कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांना त्रास देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. हो, मित्रांना असं लिहिलंय त्यात. पक्याला रात्री नऊ वाजता फोन आला की तुमच्या मित्राला समजवा, तर पक्याने हे सर्क्युलर त्याला वाचून दाखवलं, अर्धं इंग्लिश अर्धं शिव्या, पण फोन परत आला नाही. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत. आधी बँकेच्या तक्रार विभागाला मेल, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, एक रुपया लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. हीच तक्रार लिहून द्यायचे कंपनी बाळ्याकडून वेगळे पैसे घेणार होती. वहिनींनी मराठीत लिहिली, मी इंग्लिश केली, एका बँकेकडून चार दिवसांत मॅनेजरचाच फोन.

बँकेशी बोलताना एक कळलं. कर्जदार एकटा गेला की त्याला उभं ठेवतात, दोघं तिघं गेलात की खुर्च्या देतात. हे कुठल्या नियमात नाही पण तसं होतं. आम्ही निम्म्यात मिटवायचं मागितलंच नाही, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागितला, कारण सेटल्डचा शिक्का नको होता. दोन ठिकाणी झालं, एका ठिकाणी साफ नाही म्हणाले. पतसंस्थेत तर अण्णा स्वतः बाळ्याला घेऊन चेअरमनकडे गेला. गावातला माणूस, अण्णाच्या वडिलांना ओळखणारा. थकलेले हप्ते भरायचे आणि पुढचा हप्ता पगारातून थेट कापायचा असं ठरलं, म्हणजे पैसे बाळ्याच्या हातात येतच नाहीत. हे असं जमतं कारण तिथे समोर माणूस असतो. अर्थात तोच माणूस उद्या एकशेएकला पण पाठवतो.

मधेच तो परत खेळला. हे लिहू का नको असा प्रश्न होता, बाळ्या म्हणाला लिही. सगळं रुळावर येतंय असं वाटत असताना वहिनींना मोबाईलमध्ये ट्रान्झॅक्शन दिसलं, रक्कम छोटी होती, पण ग्रुपवर परत तेच. ज्याला तोंडपाठ वाक्य आहे तो म्हणाला बघा, कुत्र्याचं शेपूट. दोघांनी तेव्हा हात वर केले ते आजपर्यंत वरच आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, प्रत्येकाच्या घरी आपापले हप्ते आहेत. अण्णाने काय केलं तर बाळ्याला घेऊन गेला आणि त्याच्याच फोनवरून १४४१६ लावून दिला. टेलीमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. अण्णा बाहेर कट्ट्यावर बसून राहिला. तिथून पुढे डॉक्टर, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा स्पष्ट शब्दात सांगितलं की ही सवय नाही, आजार आहे, आणि परत खेळणं हे त्यात होतं, त्यासाठी आधीपासून तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय? पगाराचं खातं वहिनींबरोबर जॉइंट, यूपीआयची लिमिट कमी, कार्ड कापलं, नाईट शिफ्ट बदलून मागितली. शिफ्ट बदलायला कंपनीतल्या त्या दुसऱ्या जामीनदाराने मदत केली, ज्याच्याशी बाळ्या तोंड लपवून वागत होता.

एक बारीक गोष्ट जी कुठल्याच सर्व्हिसमध्ये मिळणार नाही. आमचा दर महिन्याला एक मिसळीचा कार्यक्रम असायचा, टीटीएमएम. बाळ्या यायचा बंद झाला. कारण उघड आहे, पण तोंडाने कोण बोलणार. मग कोणीतरी आपोआप कार्यक्रम घरी हलवला, आज याच्याकडे पोहे उद्या त्याच्याकडे पिठलं. ट्रेकला जायचं झालं तर लांबचा न ठरवता लोहगड, लोकलने मळवली, तिथून चालत. बाळ्याला कळलं असणारच, पण त्याने दाखवलं नाही आणि आम्हीही नाही. असल्या ठिकाणी कर्जाचा विषय काढायचा नाही हा नियम होता, आणि तो मोडला की अण्णा डोळे मोठे करायचा. चोवीस तास कर्जदार म्हणून कोणाला जगायचं असतं?

तर निकाल. कोणी घ्यावी ही सर्व्हिस? ज्याची नोकरी खरंच गेलीये, दवाखान्यामुळे कर्ज झालंय, परत फेडायची काही शक्यता नाही, मागे जामीनदार नाही आणि बँकेशी बोलायला घरात मित्रांत कोणी नाही, त्याने घेतली तर मी समजू शकतो, पण मग कमिशन वाचलेल्या रकमेवर लावणारी शोधा, पान सात आधी वाचा आणि सेटलमेंट लेटर हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, भरला तर थेट कर्जाच्याच खात्यात. पैसे भरून झाल्यावर बँकेकडून एनओसी, म्हणजे आता काही देणं नाही असं पत्र, मागून घ्या. पगार चालू असलेल्याने शक्यतो घेऊ नये. जुगार, शेअर बाजारातलं ऑप्शन, दारू यामुळे झालेलं कर्ज असेल तर अजिबात नको, खात्यात पैसे साठवायला सांगणारा प्लॅन अशा माणसासाठी नाहीच. ऑप्शनचं म्हणाल तर सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ (फ्यूचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात निघाले, तेव्हा बाळ्यासारखे प्रत्येक ग्रुपमध्ये एक दोन असणार, फक्त ते रमी न म्हणता ट्रेडिंग म्हणतात.

दीड स्टार कसे ते विचाराल. अर्धा लाज न वाटू दिल्याबद्दल, अर्धा झोपेबद्दल, अर्धा त्या एका कार्डाबद्दल. अण्णा म्हणतो एकही देऊ नको, बाळ्या म्हणतो दोन दे, त्या वेळी ते नसते तर मी काय केलं असतं माहीत नाही. त्याचं म्हणणं मी खोडत नाही.

अपडेट: काहींनी विचारलं होतं सबस्क्रिप्शन बंद कसं करायचं. अॅपमधून होत नाही, बटण आहे पण ते कस्टमर केअरच्या चॅटवर नेतं आणि चॅटवाले अजून एक महिना फुकट देतो म्हणतात. लेखी मेल करा, कॉल वळवणं स्वतः बंद करा, आणि खात्यातून त्यांचा ऑटोपे रद्द करायला विसरू नका, यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट अशा नावाने दिसतो. साइन अप फी परत मागितली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पतसंस्थेचे थकलेले हप्ते भरून झाले, अण्णाचं नाव नोटिशीतून निघालं. बाळ्याचे दोन अॅप लोन अजून बाकी आहेत आणि पक्याचे पन्नास हजारही, पक्या मागत नाही म्हणून वहीत ते सगळ्यात खाली आहेत.